मागच्या दारातून येणारा वास

माझ्या आईनं ही हकिगत मला आयुष्यात दोनदाच सांगितली. एकदा मी पंधरा वर्षांचा असताना, आणि एकदा मागच्या वर्षी. दोन्ही वेळा शब्द तेच. क्रम तोच. खोटं सांगणारा माणूस दुसऱ्या खेपेला काहीतरी वाढवतोच. आईनं एक अक्षर वाढवलं नाही.

ज्यांना खोटं वाटेल त्यांना वाटो. मी ऐकलं तसं लिहितोय.

साल १९८८. मार्गशीर्ष महिना. रोह्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी लागते, तिथलं एक भाड्याचं घर.

आणि वेळ… रात्रीची नाही.

भर दुपारची.

सरू म्हणजे माझी आई. तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती, म्हणून इथे तिला सरूच म्हणतो. माहेर-सासर दोन्ही पेण तालुक्यातलं, गागोदे बुद्रुकच्या बाजूचं. घरची भातशेती, भात निघालं की त्याच रानात वाल. नवरा महिपती, म्हणजे माझे वडील, धाटावला एका केमिकल कंपनीत लागले आणि तिघांचं बिऱ्हाड अष्टमीला आलं. तिसरी मालू. वय वर्षं सहा. पहिलीत. सकाळची शाळा.

त्या महिन्यात महिपतीला दुसरी शिफ्ट होती. दुपारी दोनला तो सायकल काढायचा, ते रात्री बाराच्या सुमाराला उगवायचा.

घर साधंच होतं. पुढे पडवी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातून मागचं दार. दाराबाहेर दोन दगडी पायऱ्या, थोडं परसू, आणि पुढे उतार थेट नदीकडे.

राहायला येऊन तीन आठवडे झाले होते. त्या दुपारी जेवणं उरकली. मालू पाटी घेऊन बसली. सरू चटईवर आडवी झाली. लांबून तीनच्या शिफ्टचा भोंगा झाला.

भोंगा थांबला…

आणि वास आला.

रॉकेलचा.

सरू ताडकन उठली. पहिलं गेली स्टोव्हकडे. स्टोव्ह थंड. टाकीचं झाकण घट्ट. रॉकेलचा डबा बघितला. बूच जागच्या जागी. डब्याखालची फरशी कोरडी. खुंटीवरचा कंदील उतरवून हुंगला. त्यात तर रॉकेलच नव्हतं.

"मालू, तू डब्याला हात लावलास काय गो?"

"नाय आई."

अर्ध्या तासानं वास आपोआप गेला. सरूनं मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला.

वास आला.

तिसऱ्या दिवशीही.

आता सरूनं घर पालथं घातलं. माळ्यावर चढली. मोरीच्या भोकाशी नाक नेलं. गोधड्या झाडल्या. महिपतीचे कंपनीचे कपडे बादलीत भिजवून बाहेर ठेवले. भिंतीला नाक लावून लावून ती घरभर फिरली. कुठंच काही नाही. पण वास मात्र असा, की जणू कुणी आत्ताच, इथंच, रॉकेल ओतलंय.

रात्री महिपतीला सांगितलं. तो भाताचा घास घेता घेता हसला.

"मला नको विचारू. दिवसभर ते अ‍ॅसिड नाकात जातंय. मला आता फुलाचा पण वास येत नाय गो."

दुसऱ्या दिवशी सरूनं घरमालकाला निरोप धाडला. घरमालक दत्तात्रेय रोह्यात राहायचे. आले, पडवीतच उभे राहिले.

"मागं वाळवी लागलेली वाशांना. तेव्हा रॉकेल मारलं होतं मी. ऊन तापलं की सुटत असंल वास."

"मग बाराला का येत नाय? तीनलाच का येतो, भाऊ?"

दत्तात्रेयांनी चपला पायात सरकवल्या.

"दार-खिडक्या उघड्या ठेव. जाईल."

स्वयंपाकघराकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

सरू जिद्दीची बाई. तिनं ठरवलं, घरात रॉकेलच ठेवायचं नाही. मग बघू वास कुठून येतो. शेजारी धोंडुबाई राहायची. साठीची, एकटी. स्टोव्ह, डबा, कंदील, सगळं सरूनं तिच्या पडवीत नेऊन ठेवलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक जुनी मातीची चूल होती. तिच्यावर कुणीतरी फळी टाकून ठेवली होती. सरूनं फळी काढली, चूल शेणानं सारवली, लाकडं आणली. त्या दिवसापासून स्वयंपाक चुलीवर.

घरात रॉकेलचा थेंब उरला नाही.

दुपारी ती मुद्दाम मागच्या दाराशी उभी राहिली.

भोंगा झाला.

वास आला… आणि या वेळी दुप्पट आला.

पण ती हलली नाही. डोळे मिटले आणि नुसतं नाक लावलं. वास आधी पायरीवर होता. मग उंबऱ्यात. मग तिच्या अगदी जवळून, पदराला घासून गेल्यासारखा, आत गेला.

ती वासामागं निघाली.

स्वयंपाकघर. चुलीपाशी वास थांबला. क्षणभरच. मग मधल्या खोलीचा उंबरा. मग भिंतीच्या कडेकडेनं.

वास पसरत नव्हता.

वास चालत होता.

माणूस चालतं तसा.

आणि चालत चालत तो थांबला, तो मालूच्या मागं.

मालू पाठमोरी बसून पाटीवर अक्षरं गिरवत होती. सरूनं तिला ओढून जवळ घेतलं. तिच्या डोक्याचा वास घेतला.

केस ओले होते. रॉकेलनं.

सरूचं डोकं फिरलं. भीती आणि राग एकाच वेळी आला. तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

"कुठनं आणलंस रॉकेल? धोंडुआजीच्या पडवीत गेलीस ना?"

मालू रडायला लागली. "मी नाय गेले. मावशीनं लावलं."

"कुठली मावशी?"

मालूनं स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"मागच्या दारातनं येते ती."

सरूनं वळून बघितलं. मागचं दार उघडं होतं. दारात ऊन पडलं होतं. कुणीच नव्हतं.

"रोज येते?"

"व्हय. उवा काढते. तिचा हात एकदम हलका हाय, आई. तुझ्यासारखं ओढत नाय."

शाळेत जायला लागल्यापासून मालूच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, हे खरं होतं. सरू रोज सकाळी फणी फिरवायची, तरी संपत नव्हत्या. तिनं केस बाजूला करून बघितलं.

एक ऊ नव्हती. एक लीख नव्हती.

केस लख्ख विंचरलेले. मधोमध सरळ भांग. सरू कधीच मधोमध भांग पाडत नसे.

ती उठून मागच्या पायरीपाशी गेली. पायरीच्या दगडावर रॉकेलचा ओला डाग होता. आणि त्या डागात… मेलेल्या उवा. दहा-वीस असतील. एका रांगेत मांडून ठेवलेल्या.

त्या रात्री महिपती आल्यावर सरूनं सगळं सांगितलं. त्यानं पोरीचं डोकं हुंगलं. त्याला काही वास आला नाही.

"शेजारची कुणी बाई येत असंल. पोरं कुणालापण मावशी म्हणतात. उद्या दार लावून घे."

म्हणून दुसऱ्या दिवशी सरूनं दार लावलं. कडी घातली. कडीत लाटणं अडकवलं. पुढचं दारही लावलं. मालूचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. आज शिकेकाईनं न्हाऊ घातलेलं. केस कोरडे, भुरभुरीत.

तीन वाजत आले.

घरात इतकी शांतता, की परसातला वाळका पाला उडालेला ऐकू येत होता.

भोंगा झाला.

सरू कडीकडे बघत होती. कडी हलली नाही. लाटणं हललं नाही.

पण वास आत आला.

उंबरा. चूल. भिंतीची कड.

जवळ…

आणखी जवळ…

मालू डोळे मिटून पडली होती. ती हसली.

"आली," ती म्हणाली.

सरूनं खाली बघितलं.

मांडीवरच्या केसांत भांग पडत होता. आपोआप. कपाळापासून मागे, अगदी सरळ, कुणी फणीच्या दात्यानं रेघ ओढावी तसा. मग एकेक बट उचलली जाऊ लागली. उचलायची. खाली ठेवायची. दुसरी उचलायची. आणि जिथून बट उचलली जाई, तिथले केस ओले होत जात.

एक थेंब ओघळला. सरूच्या लुगड्यावर पडला. मांडीला गार लागला. डाग वाढत गेला.

सरूनं पोरीच्या डोक्यावर हात दाबून धरला.

मग तिच्या हाताला काहीतरी लागलं.

बोटं.

दिसत काहीच नव्हतं. पण बोटं लागली. कष्टकरी बाईची, राकट, गार बोटं. त्यांनी सरूचा हात हळूच बाजूला केला. "तू सर, मला करू दे," असं म्हटल्यासारखा.

सरूनं पोरीला उचललं आणि पुढचं दार उघडून धावत सुटली.

धोंडुबाई पडवीत वाल सोलत बसली होती. सरूनं मालूला तिच्यापुढं बसवलं. मालूचे केस निथळत होते.

धोंडुबाईनं वास घेतला आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"इंदू," ती पुटपुटली.

"कोण इंदू?"

धोंडुबाईनं आधी मालूचं डोकं धुऊन काढलं. शिकेकाई, मग साबण, मग परत शिकेकाई. पोरगी खेळायला गेल्यावर मग ती बोलली.

"तुमच्याआधी त्या घरात इंदुबाई राहायची. नवरा-बायको आणि एक पोर. शेवंती. तुझ्या मालूएवढीच. आठ वर्षं झाली त्याला. शेवंतीच्या डोक्यात उवा झालेल्या. इंदूनं डोकीला रॉकेल चोपडलं आणि पोरीला चुलीपाशी बसवलं. थंडीचे दिवस. ठिणगी उडाली…"

धोंडुबाईनं त्या घराकडे बघितलं.

"कुठली चूल?" सरूनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तू काल सारवून पेटवलीस ती. आठ वर्षं बंद होती गो. दत्तूनं फळी टाकलेली तिच्यावर."

"आणि इंदुबाई कशी मेली?"

धोंडुबाईनं मान हलवली.

"मेली नाय. जिती हाय. नवऱ्यानं टाकली, गावानं तोंड फिरवलं. पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला हाय ती."

सरूला काही समजेना. "जिती हाय, तर मग घरात येतं कोण?"

"जित्या माणसाचा पण जीव अडकतो एखाद्या जागी. तिचाच असंल. जा तिच्याकडे. पाया पड. म्हणावं, माझी पोर सोड."

सरूनं त्या रात्री महिपतीला पडवीतच थांबवलं. आत घडलेली गोष्ट सांगितली, रॉकेलचा डाग पडलेलं लुगडं दाखवलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "रविवारी जाऊ दोघं."

सरू रविवारपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मालूला शाळेत पाठवलं नाही. धोंडुबाईकडे सोडलं. बरोबर न्यावंसं वाटत होतं, पण त्या बाईची नजर पोरीवर पडायला नको, असं तिला वाटलं. एवढीच तिची चूक.

नागोठण्यावरून एसटी पेणला पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. पत्ता शोधता शोधता आणखी तासभर गेला. एका गल्लीत लांबलचक शेड. आत ओळीनं गणपती, पांढरे, बिनरंगाचे. बाया खाली बसून मूर्तींवर पॉलिश पेपर घासत होत्या. सगळ्यांच्या अंगावर पांढरी भुकटी.

"इंदुबाई कोण?"

कोपऱ्यातली एक बाई उठली. चाळिशीची. हाडकुळी. भुवया, पापण्या, सगळं पांढरं झालेलं. तिनं सरूकडे बघितलं.

"अष्टमीच्या घरातली काय तू?"

सरू एक पाऊल मागं सरकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याकडे दुसरं कोण येणार?"

दोघी शेडच्या मागं जाऊन बसल्या. सरूनं सगळं सांगितलं. वास, भांग, बोटं. शेवटी इंदुबाईच्या पायांवर हात ठेवला.

"माझ्या पोरीला सोडा, इंदुताई. तुमचं दुःख मला कळतंय. पण तिला सोडा."

इंदुबाईनं पाय मागं घेतले.

"मी नाय ती."

"पण…"

"ऐक. आठ वर्षांत कुणी मला विचारलं नाय, तू तरी ऐक. त्या दिवशी घरात रॉकेलचा थेंब नव्हता. चार दिवसांपासून नव्हता. म्हणून तर मी रेशनच्या लायनीत उभी होते. सकाळपासून. साडेतीनला डबा भरून आले, तर घरातनं धूर. लोकांनी मला बघितलं ती अशी, हातात रॉकेलचा डबा, आणि आत पोर जळतेय. मग काय सांगू कुणाला?"

सरू तिच्याजवळ सरकून बसली.

"शेवंती दोन दिवस होती. शुद्धीत होती. त्याच्याआधी आठवडाभर सांगत होती मला, मागच्या दारातनं मावशी येते, उवा काढते. मी मारलं तिला. म्हटलं, खोटं बोलतेस. शेवटी दवाखान्यात म्हणाली, 'आई, मावशीनं चूल पेटवली. म्हणाली, केस वाळव, ऊब घे.'"

इंदुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बहुतेक संपलं होतं.

"कोण होती ती?" सरूनं विचारलं.

"आम्ही राहायला आलो, तेव्हा पण त्या चुलीवर फळी होती. मीच काढली ती. पुढं मला ठावं नाय. दत्तूच्या बापाला ठावं असंल, तो मेला."

मग ती एकदम थांबली.

"पोर कुठं ठेवलीस तू?"

"घराला कुलूप हाय. पोर धोंडुबाईकडे हाय."

"बाजूलाच?"

"व्हय. का?"

इंदुबाई उभी राहिली. तिनं सरूला दंडाला धरून उठवलं.

"आधी नुसतं विंचरते ती. मग लावते. आणि केस भिजले की मग वाळवते. काल तुझ्या पोरीचे केस भिजले ना? पळ. वाजले किती बघ आणि पळ!"

पेण स्टँडवर रोह्याची गाडी सुटतच होती. दीड वाजला होता. सरू धावत चढली.

तो दीड तास आईनं मला दोन्ही वेळा सांगितला नाही. फक्त एवढंच म्हणते, की गाडीत तिला कसलाच वास येत नव्हता. डिझेलचा नाही, माणसांचा नाही, कसलाच नाही. आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

गाडी रोह्यात शिरली.

आणि भोंगा झाला.

सरू स्टँडवरून पळत सुटली. पूल. पुलावरची माणसं बाजूला होत होती. पायातली एक चप्पल कुठे गेली, तिला कळलं नाही.

धोंडुबाई अंगणात लाकडं गोळा करत होती.

"मालू कुठं हाय?"

"आत झोपलीय की. आत्ता बघून आले."

आत गोधडी होती. गोधडी अजून गरम होती.

मालू नव्हती.

सरू आपल्या घराकडे वळली. कुलूप जागच्या जागी. किल्ली कमरेला. पण दाराच्या फटीतून वास येत होता. असा वास, की डोळ्यांना पाणी यावं.

आणि कौलांमधून धूर निघत होता.

किल्ली दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा कुलूप निघालं.

स्वयंपाकघरात चूल पेटली होती.

चुलीकडे पाठ करून मालू पाटावर बसली होती. शांत. हात मांडीवर. आणि तिचे केस… तिचे केस खाली नव्हते. मागं, चुलीकडे, हवेत आडवे पसरलेले. ताठ. कुणीतरी दोन्ही हातांत धरून वाळत घातल्यासारखे. टोकांवरून रॉकेल ठिबकत होतं. जाळ त्याच्यापासून हातभर लांब होता.

केस हळूहळू आणखी मागं सरकत होते.

सरूनं झडप घालून पोरीला कवटाळलं. ओढलं. मालू किंचाळली. केस सुटेनात. पलीकडून कुणीतरी धरून ठेवले होते. सरूनं आणखी जोर लावला. पलीकडूनही जोर लागला. मालूची मान मागं वळायला लागली.

"सोड तिला!" सरू ओरडली. "सोड गो बाई!"

पलीकडून आवाज नाही. श्वास नाही. फक्त ओढ.

सरूच्या पायाला विळी लागली. तिनं ती पायानं ओढली, पोरीला घेऊन खाली बसली, आणि ते ताणलेले केस विळीच्या पात्यावर धरून कापले. जवळ जवळ मुळापासून. एक बट, दुसरी बट. बोट कापलं. रक्त आलं. ती थांबली नाही.

शेवटची बट तुटली. दोघी मागं कोलमडल्या.

कापलेले केस खाली पडले नाहीत.

ते तसेच हवेत राहिले. मूठभर. मग सावकाश खाली झाले. मग कुणीतरी त्यांच्यावरून हात फिरवल्यासारखे सरळ झाले…

आणि चुलीत पडले.

भडका कौलांपर्यंत गेला.

धोंडुबाई तोवर मधल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिनंही हे बघितलं. तिनंच दोघींना बाहेर ओढलं.

लोक जमले. पाणी घेऊन आत गेले. पण विझवायला काही उरलं नव्हतं. भडका जसा उठला तसा बसला होता. एक वासा काळवंडला, एवढंच. मागच्या दाराची कडी आतून होती. कडीत लाटणं होतं.

मालू आत कशी गेली, हे कुणाला सांगता आलं नाही. मालूला विचारलं तर म्हणाली, "मावशीनं दार उघडलं." कुठलं दार, ते तिला माहीत नव्हतं.

निरोप मिळाला तसा महिपती शिफ्ट सोडून आला. पडवीतच थबकला. नाकाला हात लावला.

"केवढा वास हाय हा," तो म्हणाला.

त्या घरात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. सामान दुसऱ्या दिवशी लोकांनीच बाहेर काढून दिलं. पुढे महिपतीनं कोलाडला खोली घेतली. मी तिथंच वाढलो.

आठ दिवसांनी सरू पुन्हा पेणला गेली. या वेळी धोंडुबाईला घेऊन. त्या म्हातारीनं कारखान्यातल्या सगळ्या बायांसमोर इंदुबाईचे पाय धरले. "गावानं तुझ्यावर खोटा आळ घातला गो, मी पण घातला," असं म्हणाली. तेव्हा इंदुबाई रडली. आई सांगते, पांढऱ्या भुकटीतून दोन ओघळ गेले आणि आतला माणूस दिसला.

इथे आईची हकिगत संपते. ती बाई कोण होती, त्या घरात तिचं काय झालं होतं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. दत्तात्रेयांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

मागच्या वर्षी आईनं दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मालूताई तिथंच बसलेली होती. ती आता चाळिशीच्या पुढे आहे. आई झोपायला गेल्यावर मी तिला विचारलं, तुला काही आठवतं का?

ती म्हणाली, तोंड आठवत नाही. आवाज आठवतो. मायेचा होता.

"काय बोलायची?"

"जास्त काही नाय. शेवटच्या दिवशी मात्र केस विंचरता विंचरता तिनं मला विचारलं, 'तुझा भाऊ कधी येणार?'"

मी म्हटलं, भाऊ? तेव्हा कुठला भाऊ?

मालूताईनं माझ्याकडे बघितलं.

मी पुढच्या आषाढात जन्मलो. मार्गशीर्षात आईला दुसरा महिना होता. तिनं ते अजून वडिलांनाही सांगितलेलं नव्हतं.

"मग? तू काय सांगितलंस तिला?"

मालूताई पदराशी चाळा करत बसली. मग खाली बघूनच म्हणाली,

"सहा वर्षांची होते रे मी… म्हटलं, आला की तुला दाखवायला आणीन."

माझं वय आता पस्तीस उलटलं. कोलाडहून रोहा केवढंसं लांब. अष्टमीचा पूल मी अजून ओलांडलेला नाही.